तंबाखू सोडताना : पहिले तीन आठवडे आणि घरचे उपाय

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आरोग्यविषयक एक लेख असावा आणि तो आम्ही लिहावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा आमचा पहिला विचार नकार देण्याचा होता. आम्ही पेशाने शिक्षक आहोत. डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. परंतु मंडळातील एक ज्येष्ठ सभासद घरी आले आणि म्हणाले, "सर, मोठे शास्त्र कोणी मागितले आहे? तुमच्या खिशातली चंची कशी गेली, तेवढे लिहा. आमच्याही घरी एक चंची आहे." या शेवटच्या वाक्यापुढे आम्हांस नाही म्हणवले नाही.

तेव्हा या लेखाचा विषय असा : तंबाखू, मग ती चुन्याबरोबर मळून खाण्याची असो, विडीतून ओढण्याची असो, की मशेरी म्हणून दातांस लावण्याची असो, ती सोडल्यावर शरीर व मन जे हाल भोगते ते का होतात, किती दिवस टिकतात, आणि घरातील साध्या खाण्यापिण्याने ते कितपत हलके करता येतात. यातील शास्त्राचा भाग आम्ही वाचून व जाणत्या डॉक्टरांस विचारून घेतला आहे. अनुभवाचा भाग आमचा स्वतःचा आहे. हा लेख डॉक्टरच्या सल्ल्याच्या जोडीला ठेवावा, त्याच्या जागी ठेवू नये, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

आपला मुलूख आणि हे पान

निपाणी भागात वाढलेल्या माणसास तंबाखूविषयी निंदेचा शब्द सहज काढवत नाही. आमचे अब्बा तंबाखूच्या वखारीत हमाली करीत. अम्मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत असे. रात्री आम्ही अभ्यासाला बसलो की तिच्या कात्रीचा आवाज चालू असे. आमची शाळेची फी, पुढे बी. ए.ची आणि बी. एड्.ची फी, ही त्या विड्यांच्या मजुरीतून गेली आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी निपाणीस शेतकऱ्यांचे जे मोठे आंदोलन झाले, त्याच्या आठवणी आमच्या घरातील वडीलधारी माणसे कालपरवाच्या असाव्यात तशा सांगत. तेव्हा ज्या शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरी या पानाने चूल पेटविली, त्यास दोष देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

हे पान मूळचे आपले नव्हे. अमेरिका खंडातून ते पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यास लागले. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या दरबाराहून परतला तेव्हा, म्हणजे १६०४ च्या सुमारास, त्याने तंबाखू बादशहापुढे ठेवली आणि शाही हकिमाने तिच्याविषयी नापसंती दाखविली, असे इतिहास सांगतो. जहांगीराने १६१७ साली तिच्यावर बंदीही घातली. तिचा उपयोग किती झाला हे आपण पाहतोच आहोत. २०१६-१७ साली देशभर जी सरकारी पाहणी झाली, तीत प्रौढ भारतीयांपैकी शेकडा २८.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात, असे आढळले. त्यांतही धुराच्या तंबाखूपेक्षा तोंडात धरण्याच्या तंबाखूचे प्रमाण अधिक आहे. फ्रान्सचा पोर्तुगालमधील वकील झाँ निको याने १५६० साली ही वनस्पती आपल्या दरबाराकडे पाठविली. त्याच्याच नावावरून तिच्यातील मुख्य द्रव्यास निकोटीन हे नाव मिळाले. ज्या त्रासाविषयी आपण बोलणार आहोत, तो या निकोटीनच्या अभावाचा त्रास होय.

भाईजानचा तिसरा दिवस

आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही भाईजान म्हणत असू, आमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते. २०११ साली त्यांनी तंबाखू सोडण्याचा निश्चय केला. पहिला दिवस हसतखेळत गेला. दुसऱ्या दिवशी ते गप्प होते. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना आमटीत मीठ कमी म्हणून त्यांनी ताट सरकविले, मुलावर हात उगारला, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भाभी रडू लागली. शेवटी तिनेच मुलाच्या हातात पैसे देऊन त्यास पानपट्टीवर पिटाळले. पुडी आली, बार भरला, आणि पाच मिनिटांत घर शांत झाले.

आम्ही त्या दिवशी तेथेच होतो. "जाऊ द्या भाभी, जुनी सवय आहे, सुटायची नाही," हे शब्द आमचे होते. आमच्याच खिशात त्या वेळी चंची होती, हेही सांगितले पाहिजे. भाईजानने त्यानंतर पुन्हा प्रयत्न केला नाही. २०१६ साली त्यांच्या गालाच्या आत चट्टा दिसला, आणि २०१७ साली ते गेले.

पुढे आम्ही या विषयाचे वाचन केले तेव्हा एक गोष्ट कळली, ती आजही आम्हांस सलते. तंबाखू सोडणाऱ्यास दुसरा व तिसरा दिवस सर्वांत कठीण जातो. त्यानंतर त्रास उतरणीस लागतो. म्हणजे भाईजान चढावाच्या माथ्यावर पोहोचले होते, आणि तेथून आम्ही सर्वांनी मिळून त्यांस खाली आणले. घरातल्या एकासही हे ठाऊक असते, तर भाभीने कदाचित ते ताट उचलून ठेवले असते आणि दोन दिवस कळ काढली असती. हा लेख त्यासाठी आहे.

त्रास होतो तो कशाने?

आपल्याकडे एक समजूत आहे की, व्यसन सोडल्यावर अंगातील विष बाहेर पडू लागते आणि म्हणून त्रास होतो. सबब विष लवकर बाहेर काढणारे काढे प्यावेत. ही समजूत बरोबर नाही. रक्तातील निकोटीन दर दोन तासांस सुमारे निम्मे होते. एका दिवसात त्यातील जवळजवळ सर्व यकृत व मूत्रपिंडे आपण होऊन निकालात काढतात. त्यास लिंबाच्या पाण्याची मदत लागत नाही.

खरी गोष्ट अशी आहे. निकोटीन मेंदूतील काही ठरावीक ठिकाणी जाऊन बसते आणि तेथून क्षणभर हुशारी व समाधान वाटेल अशी द्रव्ये सुटतात. रोज रोज हा पाहुणा येऊ लागला की मेंदू त्याच्यासाठी अधिकाधिक पाट मांडून ठेवतो. एके दिवशी पाहुणा यायचा बंद होतो. पाट मात्र मांडलेलेच असतात. त्या रिकाम्या पाटांची जी ओढ, तीच तलफ. मेंदू हे पाट हळूहळू उचलतो, पण त्यास काही आठवडे लागतात. म्हणून घरच्या उपायांनी तलफ धुऊन निघत नाही. ते उपाय तेवढे आठवडे माणसास सावरून धरतात. एवढे समजले की उपायांविषयी अवाजवी आशाही राहत नाही आणि निराशाही होत नाही.

दिवसांचा हिशेब

शेवटच्या चिमटीनंतर काही तासांतच अस्वस्थता सुरू होते. चिडचीड, बेचैनी, काम करताना चित्त न लागणे, उदासपणा, झोपमोड, डोके दुखणे आणि वरचेवर भूक लागणे ही तिची लक्षणे होत. अनेकांस शौचास साफ होत नाही, कारण निकोटीन आतड्यांस चालना देत असते. काहींच्या तोंडात लहान फोड येतात. विडी ओढणाऱ्यास काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो. छातीची सफाई पुन्हा सुरू झाल्यामुळे असे होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सर्व टोकास जाते. पहिल्या आठवड्यानंतर जोर कमी होतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास निवळतो. भूक मात्र त्याहून अधिक काळ वाढलेली राहते. आणखी एक मोलाची गोष्ट : तलफ दिवसभर एकसारखी राहत नाही. ती लाटेसारखी येते, थोडी मिनिटे छळते आणि ओसरते. मग बार भरा किंवा भरू नका. आम्ही पहिल्या आठवड्यात घड्याळ पुढ्यात ठेवून ही लाट मोजीत असू. दहा मिनिटे पार पडली की जिंकलो, एवढाच आमचा हिशेब असे.

स्वयंपाकघरातील उपाय

आता घरातील उपायांकडे वळू. यांत कोणतीही वस्तू महाग नाही आणि बहुतेक प्रत्येकाच्या घरात आहे.

पहिला उपाय वेळेवर जेवण. पोट रिकामे असले की भूक आणि तलफ यांतील फरक कळेनासा होतो, आणि माणूस भाकरीच्या जागी चंची शोधतो. म्हणून या दिवसांत उपाशी राहू नये. तीन वेळचे जेवण ठरल्या वेळी करावे व मध्ये दोनदा थोडे काही खावे. भाजके फुटाणे, मूठभर चुरमुरे, काकडी, गाजर, मुळा, पेरू, ही उत्तम. ज्याची तोंडात काहीतरी धरण्याची सवय आहे, त्यास कुरकुरीत व सावकाश चावण्याच्या वस्तूंनी फार आधार मिळतो. आमच्या शाळेच्या टेबलाच्या खणात जेथे चुन्याची डबी असे, तेथे आम्ही फुटाण्याची पुडी ठेवली होती.

दुसरा उपाय पाणी व ताक. पाणी विष धुते म्हणून नव्हे. तोंडाचा कोरडेपणा, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ यांवर ते उपयोगी पडते म्हणून. तलफ आली की पेलाभर पाणी घोट घोट करून प्यावे. तेवढ्यात लाटेचा अर्धा वेळ निघून जातो. दुपारी जिरे घातलेले पातळ ताक किंवा आंबील घ्यावी. ज्यांस रक्तदाब आहे, त्यांनी ताकात मीठ घालू नये. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असल्यास किती पाणी प्यावे ते डॉक्टरांस विचारावे.

तिसरा उपाय पोट साफ ठेवण्याचा. सकाळी तंबाखू खाल्ल्याशिवाय शौचास होत नाही, ही तक्रार आम्ही इतक्या जणांकडून ऐकली आहे की, केवळ एवढ्या कारणासाठी ते पुन्हा चंचीकडे वळले. त्यांनी पहाटे एक-दोन पेले कोमट पाणी प्यावे, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट मूग, पपई, केळे असा आहार ठेवावा. रात्री भिजत घातलेल्या मनुका सकाळी चावून खाव्यात. तेवढ्याने न भागल्यास रात्री दोन चहाचे चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावा. मात्र तो कोरडा किंवा अपुऱ्या पाण्याबरोबर कधीही घेऊ नये. आठ-दहा दिवसांत आतडी आपली जुनी चाल धरतात.

चौथी गोष्ट चहाची, आणि ही बऱ्याच जणांस नवी वाटेल. चहा-कॉफीतील कॅफीनचा निचरा यकृत करते. विडी-सिगारेटच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृताचे हे काम जलद चालते. ओढणे थांबले की ते पूर्ववत मंद होते, आणि पूर्वीइतक्याच चहाने रक्तात कॅफीन जवळजवळ दुपटीने साठू लागते. मग छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते, आणि माणूस म्हणतो, "विडी सोडल्यापासून मला बरे वाटत नाही." त्याचे कारण पुष्कळदा चहा असतो. म्हणून विडी सोडणाऱ्याने चहा निम्म्यावर आणावा आणि दुपारनंतर घेऊ नये. ज्यांची तंबाखू तोंडात धरण्याची आहे, त्यांस हा हिशेब लागू नाही. परंतु चहानंतर बार भरण्याची ज्यांची सवय आहे, त्यांनीही चहाची वेळ व जागा बदलावी. आमच्या पत्नीने आम्हांस चहा ओट्यावरच उभ्याने देण्यास सुरुवात केली, कारण अंगणातील खुर्ची आणि चंची यांची आमच्या मनात जोडी बसली होती.

पाचवी गोष्ट जेवणानंतरच्या क्षणाची. बहुतेकांची सर्वांत जबर तलफ याच वेळी येते. हात धुतल्याबरोबर दात घासावेत, तोंडात थोडी भाजकी बडीशेप, एखादा वेलदोडा किंवा दालचिनीचा लहान तुकडा धरावा, आणि बसून न राहता दहा मिनिटे चालून यावे. थोडेसे चालल्यानेही तलफेचा जोर कमी होतो, हे तपासून पाहिलेले आहे. लवंग चालेल, पण दिवसाकाठी एक-दोन. अधिक खाल्ल्यास तोंड भाजते.

झोपेसाठी रात्रीचे जेवण हलके असावे : मुगाची खिचडी, दूध-भात, भाकरी व दुधी. निजताना कपभर कोमट दूध घ्यावे. त्यात जायफळ उगाळून घालण्याची रीत आहे. ते केवळ चिमूटभर असावे, कारण अधिक जायफळ अपायकारक आहे. तोंडातील फोडांस कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरतात. परंतु दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, पांढरा वा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्वीसारखे न उघडणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय ताबडतोब थांबवून डॉक्टरांस तोंड दाखवावे. आमच्या भाईजानने त्या चट्ट्यावर पाच महिने तूप व हळद लावली.

गोड खाण्याची इच्छा या काळात फार होते. चार-दोन मनुका, एखादा खजूर ठीक. परंतु तलफ आली की बेळगावचा कुंदा, असे चालू झाल्यास वजन झपाट्याने वाढते. तंबाखू सोडणाऱ्याचे वजन वर्षभरात सरासरीने चार-पाच किलो वाढू शकते. त्यास भिऊन पुन्हा व्यसनाकडे जाऊ नये. तंबाखूच्या हानीपुढे ही वाढ क्षुल्लक आहे आणि चालण्याने ती आटोक्यात राहते. मधुमेही माणसाने मात्र साखर वरचेवर तपासावी.

काय करू नये

तंबाखू सोडून सुपारी धरू नये. "नुसती सुपारी, त्यात काय आहे?" असे म्हणतात, परंतु सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक तज्ज्ञांनी २००३ सालीच दिला आहे. तोंड आखडण्याचा रोगही तिच्यामुळे होतो. तंबाखू नसलेला मावा, सुगंधी सुपारी व पानमसाला ही याच घरची भावंडे होत. त्याचप्रमाणे खाण्याची तंबाखू सोडून विडी, किंवा विडी सोडून तपकीर, हा व्यवहार तोट्याचा आहे.

"व्यसन उतरविण्याची" म्हणून ज्या अनामिक पुड्या विकल्या जातात, त्या घेऊ नयेत; त्यांत काय घातले आहे हे विकणाराही सांगत नाही. घरच्यांनी त्या जेवणात गुपचूप मिसळणे तर त्याहून धोक्याचे.

मशेरी लावणाऱ्या आपल्या भगिनींस एक शब्द. मशेरी हे दंतमंजन नव्हे, ती भाजलेली तंबाखू आहे. हिरड्यांवाटे निकोटीन रक्तात जातेच. गरोदरपणी तिच्यामुळे मूल कमी वजनाचे होण्याचा व वेळेपूर्वी जन्मण्याचा संभव वाढतो. ती सोडताना होणारा त्रास वर सांगितल्यासारखाच असतो, आणि उपायही तेच. पण घरातील पुरुषाने तंबाखू सोडली तर सर्व घर त्याच्या चिडण्याची कारणे शोधते, आणि बाईने मशेरी सोडली तर "हिला आज काय झाले आहे?" असे विचारते. हे बरे नव्हे.

रमजान, श्रावण आणि निमित्त

आमची चंची २०१९ च्या रमजानमध्ये सुटली. त्यापूर्वीचे अठरा रमजान आम्ही दिवसाचे चौदा तास तंबाखूविना काढीत होतो, आणि मगरीबच्या अजानीनंतर खजूर व सरबत घेतल्यावर पहिला हात खिशाकडे जात असे. महिनाभर इतके तास राहूनही ती का सुटत नव्हती, हे कोडे वरच्या पाटांच्या गोष्टीने उलगडले. दर रात्री आम्ही पाहुण्यास जेवू घालीत होतो. मेंदूस पाट उचलण्याचे कारणच नव्हते.

त्या वर्षी मे महिन्याची सुटी होती. आम्ही चंची घरात ठेवली नाही आणि रात्रीचाही बार बंद केला. दिवसाचा संयम तर अंगवळणी पडलेलाच होता. लढाई केवळ संध्याकाळच्या चार तासांची उरली. इफ्तारला सब्ज्याचे सरबत, फळे व भिजविलेली हरभऱ्याची डाळ, मग तरावीहला चालत जाणे, आणि रात्रीतून भरपूर पाणी, असा क्रम ठेवला. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही विनाकारण थोरल्या मुलीवर ओरडलो. पत्नीने मुलांस आत नेले आणि बाहेर येऊन म्हणाली, "आज तिसरा दिवस आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही गच्चीवर जाऊन या." आम्ही गच्चीवर गेलो, आणि भाईजानच्या आठवणीने तेथे बराच वेळ बसून राहिलो. परत आलो तेव्हा लाट ओसरली होती.

हिंदू बांधवांस श्रावण, चातुर्मास किंवा आषाढी एकादशी, ख्रिस्ती बांधवांस ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ असेच उपयोगी पडू शकेल. श्रद्धेचे निमित्त असले की निश्चयास पाठबळ मिळते आणि सभोवतालची माणसे आग्रह करीत नाहीत. मधुमेह वा अन्य आजार असणाऱ्यांनी उपवास व व्यसनत्याग एकाच वेळी करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

औषधांचा आधार

ज्यास उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते, त्याची गाठ पक्की समजावी. अशांनी केवळ घरगुती उपायांवर विसंबू नये. निकोटीनची चघळण्याची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. ती साध्या च्युइंगमसारखी सतत चावू नये : चार-सहा वेळा चावून जीभ चुरचुरली की गालाशी धरून ठेवावी, चुरचुर गेली की पुन्हा चावावी. गोळीपूर्वी पंधरा मिनिटे व ती तोंडात असताना चहा, कॉफी वा लिंबाचे सरबत घेऊ नये. आंबट व अशा पेयांमुळे तिचा गुण उतरत नाही. याखेरीज डॉक्टर देऊ शकतील अशी इतर औषधेही आहेत. ज्यांस दम्यासाठी थिओफिलीन किंवा मनोविकारावरील काही औषधे चालू आहेत, त्यांनी विडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे, कारण विडी थांबल्यावर मात्रा बदलावी लागू शकते. सरकारने १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी तंबाखू सोडणाऱ्यांच्या मार्गदर्शनासाठी ठेवला आहे. त्यावर बोलण्यात कमीपणा काहीच नाही.

दारूची गोष्ट वेगळी

येथे एक इशारा मोठ्या अक्षरांत द्यावासा वाटतो. वर जे सांगितले ते तंबाखूपुरते आहे. तंबाखू सोडल्याने जीव कासावीस होतो, पण जात नाही. रोज पुष्कळ दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर जीवही जाऊ शकतो. पहिल्या दिवशी हात कापणे, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत ताप, भ्रम व नसलेल्या वस्तू दिसणे, असा तो क्रम असतो. आमच्या गल्लीतील एका गृहस्थांस घरच्यांनी सद्भावनेने खोलीत कोंडून लिंबूपाणी व ताक दिले. दुसऱ्या रात्री त्यांस झटका आला. वेळेवर रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. दारू सोडविणे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, जीवनसत्त्व ब-१ व योग्य औषधे देऊन. आपल्या भागास धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आणि बंगळूरचे निम्हान्स आहे. पुण्यास १९८६ पासून मुक्तांगण आहे.

घरच्यांचे काम

शेवटी जे सांगावयाचे ते तंबाखू सोडणाऱ्यास नव्हे, तर त्याच्या घरास. पहिले तीन दिवस त्याचे शब्द मनावर घेऊ नका. त्या दिवसांत पैशाचा, जमिनीचा, मुलीच्या स्थळाचा विषय काढू नका. जेवण वेळेवर द्या. घरात पुडी, डबी, विडीचे बंडल काहीही ठेवू नका, आणि पाहुण्यांसही तसे सांगा. त्याने एखादे दिवशी घसरून चिमूट तोंडात टाकलीच, तर "झाले, संपले" असे म्हणू नका. दुसऱ्या सकाळपासून पुन्हा मोजणी सुरू करावी. पुष्कळांची तंबाखू पहिल्या प्रयत्नात सुटत नाही, आणि फसलेला प्रयत्नही फुकट जात नाही.

भाईजानचा मुलगा आता कमावता झाला आहे. गेल्या वर्षी त्याच्या खिशात आम्हांस तपकिरी रंगाची पुडी दिसली. आम्ही काही बोललो नाही. भाभीस मात्र या लेखातील दिवसांचा हिशेब कागदावर लिहून दिला. तिने तो स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावरच्या भिंतीवर चिकटविला आहे. तिसऱ्या दिवसाभोवती तिने स्वतःच्या हाताने एक रेघ ओढली आहे. मुलाने अजून दिवस ठरविलेला नाही. तो ठरवील तेव्हा घर तयार आहे.